सातवा अर्ज आणि येडशीचे शिंदे

परंड्याच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या कुठल्याही माणसाशी, कुर्डुवाडीची गाडी यायच्या आत नातं काढून दाखवीन, नाही निघालं तर मिशी उतरवीन, अशी प्राध्यापक हिंमतराव तांबारे यांची उघड पैज होती. पैज घ्यायला कोणी पुढं येत नसे, कारण सगळ्यांनी त्यांना हे करताना बघितलेलं होतं. "पाहुणे कुठले?" इथून सुरुवात व्हायची. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की आजोळ, आजोळ कळलं की सासुरवाडी, आणि सासुरवाडी येईपर्यंत समोरचा माणूस हिंमतरावांच्या चुलत मावशीच्या नणंदेचा दीर झालेला असायचा. मग दोघं उठून चहा प्यायला जायचे आणि तेवढ्यात कुर्डुवाडीची गाडी निघून जायची. हिंमतरावांच्या जितक्या गाड्या चुकल्या तितक्या गाड्या परंडा आगारात नसतील.

या कलेतली एक गोम मात्र फक्त त्यांच्या बायकोला, दीपमालाबाईंना, ठाऊक होती. नातं जुळवत नेताना एखादा सांधा ढिला निघाला, तर हिंमतराव तिथं अडत नसत. "तेच असंल, तेच," असं म्हणून ते पुढं सरकत आणि समोरचाही भलेपणानं मान हलवी. पाहुणा निघाल्याचा आनंदच एवढा असतो की पुरावा मागायचं कोणाच्या मनात येत नाही.

हिंमतराव परंड्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. यंदा राज्यातल्या एका निधी मंडळानं त्यांना परीक्षक नेमलं. तरुण संशोधक आपापल्या प्रकल्पासाठी पैसे मागणार, पाच परीक्षक ते अर्ज वाचून गुण देणार, आणि मग पाचही जण आपापल्या घरी बसून ऑनलाइन चर्चा करून कोणाला पैसे द्यायचे ते ठरवणार, असा मामला. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी हिंमतरावांनी बायकोला बजावून सांगितलं, "या पाचात सगळ्यांना एका मतावर आणणारा कोण, हे मंडळाला लवकरच कळंल. माणसं जोडायची कला लागती तिथं."

"तिथं नाती काढत बसू नका म्हंजी झालं," दीपमालाबाई म्हणाल्या.

"अगं, तिथं सगळी डॉक्टरेट झालेली माणसं. मुद्द्यावर बोलायचं असतं तिथं."

"म्हणूनच सांगतीया."

अर्ज बारा होते. हिंमतरावांनी सगळे वाचले, पण सातव्यापाशी त्यांचं वाचन जे थांबलं ते पुढं सरकेना. अर्जदार वैष्णवी शिंदे, राहणार येडशी. विषय, आपल्याकडच्या उस्मानाबादी शेळीची करडं पावसाळ्यात का दगावतात, आणि गोठ्यात बांबूच्या फळ्यांची उंच जमीन केली तर ती वाचतील का. वाचता वाचता हिंमतरावांचा चष्मा दोनदा धूसर झाला. तरुणपणी त्यांनी स्वतः याच विषयावर असाच अर्ज केला होता आणि "विषय किरकोळ" एवढ्या दोन शब्दांवर तो परत आला होता. शिवाय वैष्णवीचं वय अर्जातच होतं. योजनेच्या वयोमर्यादेत ती या वर्षापुरतीच बसत होती. यंदा गेलं म्हणजे कायमचं गेलं. हिंमतरावांनी दहापैकी नऊ गुण दिले आणि मंडळाच्या संकेतस्थळावर शेरा म्हणून अडीच पानं लिहिली.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचे शेरे दिसले. नागपूरच्या डॉ. रणधीर खोसे यांनी तीन गुण देऊन लिहिलं होतं, "विषय किरकोळ." पुन्हा तेच दोन शब्द. हिंमतरावांना आपला जुनाच अर्ज पुन्हा परत आल्यासारखं झालं. त्याखाली अध्यक्ष डॉ. श्रीनाथ नलावडे यांनी लिहिलं होतं, "सहमत." कोणाशी, ते लिहिलं नव्हतं. प्रा. बलभीम गरड यांनी नुसता अंगठा दाखवला होता, तोही कोणाला ते कळायला मार्ग नव्हता. पाचव्या परीक्षक डॉ. लक्ष्मम्मा बिराजदार यांनी काहीच लिहिलं नव्हतं. पाचांची सरासरी सातच्या जराशी खाली होती, आणि सातच्या खाली म्हणजे बाद. रणधीर खोसे तीनवरून पाचावर आले असते तरी काम झालं असतं.

"दोन गुण," हिंमतराव स्वतःशी म्हणाले. "दोन गुण म्हणजे काय, बोलता बोलता आणतो."

चर्चेच्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीत शिलाई मशीनवर लॅपटॉप मांडला, मागं धुतलेली चादर टांगली, घरच्यांना खोलीत यायला बंदी केली आणि दार लावून घेतलं. पडद्यावर चौकोन उमटले. पाच चौकोनांत माणसं होती आणि एका काळ्या चौकोनात नुसतं नाव, लक्ष्मम्मा बिराजदार. त्या नावाशेजारी एक पिवळा हात उभा होता. बाईंनी नमस्कार केला असावा असं समजून हिंमतरावांनीही हात जोडले.

"चहा झाला का सगळ्यांचा?" त्यांनी विचारलं.

"तांबारे सर, प्रत्येकानं आपापल्या घरी घेतलाय," अध्यक्ष म्हणाले.

मंडळाच्या अधिकारी मोनिका मॅडम सगळं यंत्र चालवत होत्या. त्यांनी नियम वाचून दाखवले. इथलं बोलणं इथंच राहील. अर्जदार कोणाही परीक्षकाच्या रक्ताच्या किंवा सोयरिकीच्या नात्यातला निघाला, तर त्या परीक्षकानं तत्काळ सांगायचं आणि त्या अर्जापुरतं बाजूच्या खोलीत जाऊन बसायचं. ही खोलीसुद्धा पडद्यावरचीच, एक बटण दाबलं की माणूस तिकडं. आणि एखाद्या अर्जावर तिघांपेक्षा कमी परीक्षक उरले, तर तो अर्ज बाद.

पहिले सहा अर्ज ऑनलाइन चर्चा जशी होते तशीच झाले. दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम थांबायचे, "आधी तुम्ही," "नाही, तुम्ही," आणि मग दोघंही गप्प. बलभीम गरड एका अर्जावर पोटतिडकीनं बोलले, पण आवाज बंद ठेवून. कोण पटलं म्हणून गप्प आहे आणि कोण झोपलं म्हणून, हे पडद्यावरून ओळखता येत नव्हतं. पिवळा हात आपला जागच्या जागी उभा होता.

सातवा अर्ज आला आणि रणधीर खोसे सरसावले.

"शेळीवर आणखी किती संशोधन करायचं? शेळी चरते, वाढते, विषय संपला. राज्याचा निधी आहे हा. मी तीनवर ठाम आहे."

हिंमतरावांनी मुद्दे मांडायला घेतले. पहिला मुद्दा मांडला, दुसरा मांडला आणि तिसऱ्याच्या ऐन भरात रेंज गेली. त्यांचा चेहरा आ वासलेल्या अवस्थेत पडद्यावर गोठला आणि त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा परंडा आणि नागपूर यांच्या मधे कुठंतरी सांडला. ते परत आले तेव्हा खोसे म्हणत होते, "काही नवीन नसेल तर पुढं जाऊ या."

हिंमतरावांच्या हातातले मुद्दे संपले होते. मग जे व्हायचं तेच झालं.

"खोसे सर, एक विचारू? तुमच्या बोलण्याला नागपूरचं पाणी लागलेलं दिसत न्हाय. मूळचे कुठले?"

"मूळचा भूम तालुक्यातला. पण त्याचा इथं काय संबंध?"

"भूम तालुक्यात कुठं?"

"ईट."

हिंमतरावांचा कणा आपोआप ताठ झाला. "ईटचे खोसे! मग परंड्याची गजराबाई दिलेलं घर ते तुमचंच का?"

"गजराकाकू? माझी सख्खी चुलती."

"माझी सख्खी मावशी!"

मग डॉ. खोसे खुर्ची पुढं ओढून कॅमेऱ्याच्या इतके जवळ आले की नुसतं नाकच दिसू लागलं. "आरं तिच्या," ते म्हणाले, आणि त्यांची सगळी पुस्तकी मराठी गळून पडली. "म्हंजी काकूचा भाचा, सुट्टीला येऊन आंब्यावरनं पडला हुता, त्यो तुम्ही?"

"पडलेला मीच."

"लई रडला हुता तुम्ही."

"हात मोडला होता हो. बरं, काकूची ती काळी शेळी आठवती का? कानावर पांढरा ठिपका?"

"न आठवून कसं? दोन्ही करडं एकाच पावसाळ्यात गेली तिची. काकू दोन दिवस जेवली न्हवती." खोसे थांबले. "कशानं गेली कुणास ठाव."

"तेच तर ही पोरगी शोधणार म्हणतीया."

खोशांनी गुणांचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "आठ लिवा माझे."

झालं. काम फत्ते. सरासरी सातच्या वर उडी मारून बसली. इथं हिंमतराव थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि त्यांना स्टँडवर सांगायला आयुष्यभराचा विषय मिळाला असता. पण जिंकलेला माणूस थांबेल तो हिंमतराव कसला.

"आणि खोसे, येडशीला तुमचं कोण?"

"आत्या दिलीया की. शिंद्यांच्यात."

"शिंद्यांच्यात! अहो, मग ही वैष्णवी शिंदे येडशीचीच न्हवं का?"

"असंल का?"

"असंल काय, हायच. येडशीचे शिंदे म्हटल्यावर दुसरं कोण असणार? आत्याची नात लागली बघा ही तुमच्या. म्हंजी माझी ती..." आणि हिंमतराव बोटांवर मोजू लागले.

तिसऱ्या बोटावर त्यांच्या ध्यानात आलं की सगळे गप्प झालेत.

"सर," मोनिका मॅडम हळूच म्हणाल्या, "आपण आत्ता काय म्हणालात?"

"काही न्हाय. सहज आपलं."

"अर्जदार खोसे सरांच्या आत्याची नात आहे म्हणालात. मग खोसे सरांना बाजूच्या खोलीत जावं लागेल. आणि आपण त्यांचे..."

"लांबचा."

"सख्ख्या मावशीचे म्हणालात, सर. दोघांचेही गुण रद्द होतील. तिघं उरतात, तेवढे पुरेसे आहेत."

बटण दाबलं गेलं. बाजूच्या खोलीत हिंमतराव आणि खोसे समोरासमोर आले. खोसे फारच खूश होते. गजराकाकू, आंबा, विहीर, त्यांना आता काहीही आठवत होतं. हिंमतरावांनी मात्र कपाळाला हात लावला होता. नवाचा एक आणि आठाचा एक, असे दोन चांगले हात त्यांनी आपल्याच जिभेनं कापून टाकले होते. आत अध्यक्ष, गरड आणि तो काळा चौकोन. तरी तिघं आहेत, ते काय ते बघतील, अशी ते मनाची समजूत घालत होते, तोवर पडद्यावर तिसरा चौकोन उमटला. त्यात अध्यक्ष होते.

"सर, तुम्ही इथं?"

"तुमचं बोलणं ऐकून मला आठवलं," डॉ. नलावडे गंभीरपणे म्हणाले. "माझे साडू येडशीचे. शिंदेच."

"अहो, मग गप्प बसायचं की!"

"मी अध्यक्ष आहे, तांबारे सर. मीच गप्प बसलो तर कसं व्हायचं?"

"साडू म्हंजी थोरले का धाकटे?" खोशांनी विचारलं.

"धाकटे. स्टेशन रस्त्याला त्यांचं घर..."

"मग आमच्या आत्याच्या पलीकडचंच."

तेवढ्यात चौथा चौकोन उगवला. बलभीम गरड नेहमीप्रमाणं आवाज बंद ठेवून बोलत होते. सगळ्यांनी खुणा केल्यावर त्यांनी आवाज चालू केला. "आमच्या सूनबाईचं आजोळ येडशीच. शिंद्यांकडं. आणि खरं सांगायचं तर तुम्ही सगळे इकडं, म्हटलं तिकडं एकट्यानं काय करायचं?"

बाजूच्या खोलीला आता लग्नाच्या आदल्या दिवशीच्या मांडवाची कळा आली. कोण कोणाचा कोण, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, येडशीहून रामलिंगाला पायी जाताना कोणाच्या चपला माकडांनी नेल्या होत्या, सगळं निघालं. चार विद्वान माणसं एकमेकांना अरेतुरे करायच्या बेतात आली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या पाहुण्यांत बसून हिंमतरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मोनिका मॅडम खोलीत आल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "आत फक्त बिराजदार मॅडम उरल्यात. नियमाप्रमाणं तिघं नाहीत. मी सातवा अर्ज बाद म्हणून नोंदवते."

बाद. तेही शेरा नाही, मुद्दा नाही, नुसतं पाहुणे जास्त झाले म्हणून. हिंमतरावांच्या डोळ्यांपुढं अर्जाचं ते पान आलं, ज्यानं त्यांचा चष्मा धूसर केला होता. त्या पानावर वैष्णवीनं लिहिलं होतं की तिचे वडील रेल्वेत रुळांची देखभाल करणारे गँगमन, परभणीकडून बदलीवर येडशी स्टेशनला आलेले. गावात ना घर, ना शेत, ना भावकी. हे हिंमतरावांनी तीनदा वाचलं होतं. आणि नातं जुळायला लागताच हेच पान त्यांनी अदबीनं बाजूला सारून ठेवलं होतं, जसं ते आजवर प्रत्येक अडचणीचं गाव, आडनाव आणि आजोळ सारत आले होते.

आता बोलायचं म्हणजे पैज, कला, इज्जत सगळं याच खोलीत सोडायचं होतं. त्यांना त्या गोष्टीचं फार वाईट वाटलं. पण त्या पोरीचं त्याहून वाईट वाटलं.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "ती येडशीच्या शिंद्यांतली न्हाय."

"म्हणजे?"

"तिचे वडील परभणीकडचे. नोकरीपायी येडशीत आले. खोशांच्या आत्याचा, सरांच्या साडूंचा, गरडांच्या सूनबाईंचा, कोणाचाच तिच्याशी काही संबंध न्हाय. अर्जात लिहिलंय. मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग मघाशी 'हायच' म्हणालात ते?"

"नातं जुळत आलं होतं. जुळत आल्यावर मला थांबता येत न्हाय." हिंमतराव खाली शिलाई मशीनच्या चाकाकडं बघत म्हणाले, "एक सांधा ढिला होता. म्या तो बसवला."

त्यावर हिंमतरावांच्या बंद दाराबाहेरून दीपमालाबाईंचा आवाज आला.

"आणि भूमचे आप्पामामा? दर दिवाळीला म्या ज्यांना फराळाचा डबा पाठवतीया ते?"

"ते नंतर बघू," हिंमतराव दबक्या आवाजात म्हणाले.

"सर, तुमच्याकडं कोणी आहे का?" मोनिका मॅडमनी विचारलं.

"आत कोणी न्हाय. दाराबाहेर आहे."

मोनिका मॅडमनी अर्ज उघडून ते पान तपासलं, ते तसंच होतं. मग चौघांनाही एकेक करून पुन्हा विचारलं, अर्जदाराशी काही नातं? चौघांनी नाही म्हटलं. गरडांचा चेहरा मात्र भरल्या पंगतीतून उठवल्यासारखा झाला होता. सगळे परत आत आले. गुण पुन्हा द्यायचे ठरले.

हिंमतरावांना वाटलं, सुटलो. पण खोशांनी खुर्ची मागं घेतली होती आणि त्यांची पुस्तकी मराठी परत आली होती.

"तांबारे सर, आपण सांधे बसवता असं आत्ताच म्हणालात. मग ती गजराकाकू तरी खरी का?"

"ती खरी! सख्खी मावशी!"

"कशावरून?"

"आंब्यावरनं पडलो होतो की!"

"ते मी सांगितलं. आपण फक्त 'मीच' म्हणालात. आणि काकूचं नाव, तिची शेळी कोणालाही ठाऊक असू शकते."

हिंमतरावांनी घाईघाईनं बाही वर करून कोपराची खूण कॅमेऱ्यापुढं धरली. रेंज तेव्हाच गेली, आणि नागपूरला, पुण्याला, जिथं जिथं परीक्षक होते तिथं तिथं पडद्यावर एक अस्पष्ट, केसाळ कोपर गोठून राहिलं. ते हललं तेव्हा खोसे सांगत होते, "माझे तीनच ठेवा."

आयुष्यात एकदाच सख्खं नातं हाती लागलं होतं आणि तेच कोणी खरं धरेना. तेवढ्यात एक नवा आवाज आला.

"मी बोलू का?"

सगळे दचकले. "कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"बिराजदार. पहिल्या अर्जापासनं हात वर करून बसलेय मी. माझा आवाज तिकडनं बंद होता. मघाशी तुम्ही सगळे उठून गेलात, तेव्हा कुठं मॅडमचं लक्ष गेलं बघा." काळा चौकोन उजळला. जाड भिंगांचा चष्मा घातलेल्या, साठीकडं झुकलेल्या बाई होत्या. आपण त्या पिवळ्या हाताला नमस्कार केला होता हे हिंमतरावांना आठवलं आणि त्यांचे कान गरम झाले.

"खोसे सर, पावसाळ्यात करडं कशानं मरतात?"

"थंडीनं. सर्वांना माहीत आहे."

"कशावरनं?"

"म्हणजे... असं म्हणतात."

"तेच की. कोण म्हणतं थंडीनं, कोण म्हणतं पोटातल्या जंतानं, कोण म्हणतं ओल्या जमिनीनं. म्हणतात सगळे, तपासून कोणी बघितलं न्हाई. ती बघणार म्हणते. उंच फळ्यांवर निम्मी करडं, जमिनीवर निम्मी, आणि दोन पावसाळे दोन्हींवर नजर. याच्यात किरकोळ काय आहे सांगा की. तुम्ही अर्ज वाचला का पुरता?"

खोसे घुटमळले. "सारांश वाचला."

"मग ऐका." आणि लक्ष्मम्माबाईंनी ते पान वाचायला घेतलं, कसलाही चढउतार न करता, वर्गात हजेरी घ्यावी तसं. "आमच्या क्वार्टरमागं दोन शेळ्या होत्या. शेत नव्हतं, शेळ्याच होत्या. करडू मेलं की वडील काही न बोलता ड्यूटीवर जायचे. आई मात्र शेळीपाशी बसून धार काढायची, कारण करडू गेलं तरी दूध थांबत नाही. ते दूध आम्ही भावंडं प्यायचो. माझ्या वाट्याचं दूध कोणाचं होतं, हे मला मोठेपणी कळलं." बाईंनी चष्मा सारखा केला. "एवढंच लिहिलंय. पुढं लगेच तक्ते आहेत."

नागपूरच्या चौकोनात डॉ. खोसे नाक पुसत होते.

"सात लिहा माझे," ते शेवटी म्हणाले.

"मघाशी आठ होते, सर," मोनिका मॅडमनी आठवण करून दिली.

"त्यातला एक नात्याचा होता. तो काढला."

पडद्यावर आकडा हलला आणि सातच्या वर जाऊन थांबला. सातवा अर्ज मंजूर. हिंमतरावांनी मागं टांगलेल्या चादरीचं टोक ओढून डोळे पुसले, तशी अख्खी चादर त्यांच्या डोक्यावर पडली. ती बाजूला करून ते म्हणाले, "बिराजदार मॅडम, लई चांगलं बोललात. आपण मूळच्या कुठल्या?"

"मुरूमची," लक्ष्मम्माबाई म्हणाल्या. "आणि सर, पुढचं काही विचारू नका. अजून पाच अर्ज बाकी आहेत."

हिंमतरावांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, आणि बारावा अर्ज संपेपर्यंत तो काढला नाही. आपल्या गुणांची खूण ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी करत होते.

त्या दिवाळीला भूमला फराळाचा डबा गेला. आप्पामामा कोण, हे आता हिंमतरावांनाही सांगता येत नव्हतं, पण इतक्या वर्षांनी डबा थांबवायचा कसा, असं दीपमालाबाईच म्हणाल्या. पाठवताना मात्र त्यांनी डब्यावर "मामांस" च्या जागी नुसतं "आप्पांस" लिहिलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला हिंमतराव परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी एक तरुण बाई येऊन टेकली. पायाशी बांबूच्या फळ्यांची मोळी, खांद्याला पिशवी, चपलेला गोठ्याचा चिखल.

"काका, इथलेच का तुम्ही?" तिनंच विचारलं.

"व्हय."

"मी येडशीची. वैष्णवी शिंदे. या भागात शेळ्यांचं काम करतीया. आडनाव काय तुमचं?"

इथलं बोलणं इथंच राहील, मंडळाच्या या नियमाखाली हिंमतरावांची सही होती. "तांबारे," ते कसेबसे म्हणाले.

"तांबारे!" ती हसली. "रागावू नका काका. गोठ्यात शिरायचं म्हटलं की आधी नातं काढावं लागतं, त्याशिवाय लोक करडांना हात लावू देत न्हाईत. त्यामुळं मलाही आता सवयच लागलीया. आमच्या आईच्या माहेराकडं एक तांबारे आहेत. तुम्ही त्यांच्यातले का?"

तिच्या आईचं माहेर कुठलं, एवढं एकच विचारायचं होतं. हिंमतरावांच्या जिभेच्या टोकावर ते येऊन बसलं. सांधा ढिला होता, पण बसला असता, अगदी सहज बसला असता. त्यांनी तिच्या फळ्यांकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं.

"न्हाय गं पोरी. आपलं काही नातं न्हाय."

"असं कसं? आधी बघू तर खरं."

"बघितलंय. पक्की खात्री करून घेतलीया."

ती बुचकळ्यात पडून बघत राहिली. हिंमतरावांचा हात नकळत मिशीकडं गेला. पैज ठाऊक असलेलं कोणी जवळपास नाही ना, हे त्यांनी इकडंतिकडं बघून घेतलं. तेवढ्यात कुर्डुवाडीची गाडी लागली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती त्यांना मिळाली.